नवशिक्याच्या बेस गिटारला तारा कोणत्या घ्याव्यात? कमी खर्चात योग्य सेट निवडण्याची पद्धत

बेस गिटार एकदा घेतली की पुढे पुन्हा पुन्हा होणारा खर्च तारांचाच असतो. साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारांचा सेट ज्या भावात येतो, त्याच्या साधारण तिप्पट-चौपट पैसे बेसच्या चार तारांना मोजावे लागतात, कारण या तारांत धातूच तेवढा जास्त असतो. त्यामुळे चुकीचा सेट आणला तर चांगलाच फटका बसतो. पाकीट एकदा फोडलं आणि तार कापली, की दुकानदार परत घेत नाही.

पाकिटावर छापलेल्या तीनच गोष्टी कामाच्या असतात: तारेची लांबी, तारेची जाडी आणि तिच्यावरची गुंडाळी. बाकीचा मजकूर जाहिरात समजावा. या तिन्ही गोष्टी बरोबर जुळल्या तर नामांकित कंपनीचा सगळ्यात साधा सेट नवशिक्याला पुरेसा असतो. लांबी चुकली तर सेट वाया जातो, जाडी चुकली तर बेसची जुळणी नव्याने करावी लागते, आणि गुंडाळी चुकली तर फक्त आवाज मनासारखा येत नाही. म्हणून याच क्रमाने पाहू.

आधी लांबी

नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, आणि सॅडल म्हणजे अंगावरच्या ब्रिजवर तार जिथे टेकते तो सरकता तुकडा. नटपासून सॅडलपर्यंत तारेचा जो भाग मोकळा कंप पावतो, त्याच्या लांबीला स्केल म्हणतात. बहुतेक बेसची स्केल ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलीमीटर असते. यामाहा टीआरबीएक्स १७४, आयबानेझ जीएसआर २०० यांसारखे नवशिक्यांचे नेहमीचे बेस याच मापाचे. त्यांच्या तारांच्या पाकिटावर 'लाँग स्केल' लिहिलेलं असतं. स्क्वायर ब्रॉन्को ३० इंचांचा आहे, त्याला 'शॉर्ट स्केल' लागते. आयबानेझ मिक्रो तर २८.६ इंचांचा, म्हणजे त्याहूनही आखूड. लहान मुलासाठी किंवा लहान हातासाठी घेतलेला बेस बहुधा या आखूड गटातला असतो, आणि नेमकी तिथेच खरेदी चुकते.

आपला बेस कोणत्या मापाचा हे ठाऊक नसेल तर शिंप्याची टेप घ्या. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, मधल्या रेषेपर्यंत मोजा आणि त्याची दुप्पट करा. सतरा इंच भरले तर स्केल ३४ आणि पंधरा भरले तर ३०.

चुकल्यावर काय होतं ते समजून घ्या. बेसच्या तारेची पूर्ण जाडी टोकापर्यंत जात नाही. वरच्या टोकाला ती निमुळती होते आणि बऱ्याच तारांवर तिथे रंगीत धागा गुंडाळलेला असतो. हा निमुळता भाग नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला यायला हवा. आखूड तार ३४ इंची बेसला लावली तर धाग्याचा भाग नटच्या अलीकडेच येतो, मोकळ्या तारेचा आवाज बोदा येतो आणि सूर फ्रेटवर जुळत नाही. याउलट लांब तार आखूड बेसला लावली तर जाड भागच खुंटीला वळवावा लागतो. सगळ्यात जाड ई तार तिथे इतकी ताठ असते की गुंडाळी उसवते किंवा गाभा मोडतो. सपाट गुंडाळीच्या तारांत हे फार लवकर होतं.

आणखी एक गोष्ट तपासा. काही बेसमध्ये तारा ब्रिजच्या मागून न येता लाकडी अंगातून, पाठीमागून घालतात. तिथे तारेची जास्त लांबी खर्च होते. म्हणून तार जिथे अडकते त्या टोकापासून नटपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा आणि दुकानात तोच आकडा सांगा.

जाडी, म्हणजे गेज

पाकिटावर ४५–१०५, ४५–१००, ४०–९५, ५०–१०५ असे आकडे असतात. पहिला आकडा सगळ्यात बारीक जी तारेचा, दुसरा सगळ्यात जाड ई तारेचा. हे इंचाचे हजारावे भाग आहेत. ४५ म्हणजे ०.०४५ इंच, सुमारे १.१४ मिलीमीटर, आणि १०५ म्हणजे सुमारे २.६७ मिलीमीटर.

एवढ्या जाडीचं कारण खालच्या सुरांत आहे. मोकळी ई तार सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते, ए ५५, डी ७३.४ आणि जी ९८ वेळा. तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरतो. लांबी बेसच्या आकाराने बांधलेली असते. ताण फार कमी केला तर तार लुळी पडते आणि फ्रेटवर आपटते. उरतं वजन. म्हणून खालच्या सुराची तार जड करतात. तंबोऱ्यात खर्जाची तार जोडाच्या पोलादी तारांपेक्षा जाड आणि पितळेची असते, तेही याच कारणाने. पण एकसंध पोलादाची अडीच मिलीमीटर जाड तार म्हणजे सळईच होईल, ती नीट कंप पावणार नाही. त्यावर उपाय असा की मधे बारीक पोलादी गाभा ठेवायचा आणि त्यावर वेगळी तार गुंडाळत न्यायची. वजन वाढतं आणि लवचिकपणा राहतो.

सूर आणि लांबी तीच ठेवली तर तारेचा ताण तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि वजन साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे १०० ची ई काढून १०५ ची लावली तर जाडी पाचच टक्के वाढली, पण ताण सुमारे दहा टक्के वाढला. बोटांना हा फरक लगेच कळतो. ३४ इंची बेसवर नेहमीच्या सेटच्या चारही तारांचा मिळून ताण साधारण ७५ ते ८५ किलो असतो. हा सगळा भार बेसची मान रात्रंदिवस पेलत असते, हे लक्षात ठेवा.

नवशिक्याने ३४ इंची, चार तारांच्या बेसला ४५–१०० किंवा ४५–१०५ घ्यावा. कारखान्यातून येणारे बहुतेक बेस याच्याच आसपास जुळवलेले असतात. नटमधल्या खाचा याच जाडीला बसतात, मान याच ताणाला सरळ राहते, आणि सेट बदलल्यावर फारसं काही हलवावं लागत नाही. डॅडारिओचा ईएक्सएल १७० हा ४५–१०० आहे, त्याच कंपनीचा ईएक्सएल १६५ हा ४५–१०५. अर्नी बॉलचा सुपर स्लिंकी ४५–१००, हायब्रिड स्लिंकी ४५–१०५ आणि रेग्युलर स्लिंकी ५०–१०५. 'रेग्युलर' हे नाव वाचून साधा सेट समजू नका, तो या तिघांत जास्त ताठ आहे. नावावर जाऊ नका, आकडा वाचा.

'बोटं दुखतात, म्हणून बारीक तारा घेऊ का?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवशिक्या विचारतो. ४०–९५ चा सेट मऊ असतो हे खरं. पण बोटं दुखण्याचं कारण बहुतेक वेळा जाडी नसून उंची असते. तारा फ्रेटबोर्डपासून फार वर असतील तर कोणताही सेट दुखवणारच. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. ई खाली सुमारे २.५ मिलीमीटर आणि जी खाली सुमारे २ मिलीमीटर अंतर असेल तर ठीक. चार मिलीमीटर भरत असेल तर तारांवर पैसे घालण्याआधी सॅडलचे स्क्रू फिरवा, ते फुकट आहे. शिवाय नवशिक्याचा हात जोरात पडतो, आणि फार मऊ तार जोरात छेडली की फ्रेटवर खडखडते. मग वाटतं की बेसच खराब आहे.

शॉर्ट स्केल बेसवर गणित थोडं बदलतं. लांबी ३४ वरून ३० इंचांवर आली की त्याच तारेचा त्याच सुराला ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. तिथे ४०–९५ घेतला तर ई अगदी सैल लागते, म्हणून ४५–१०० किंवा ४५–१०५ च बरा. ई तार उतरवून डी करून वाजवणाऱ्यांनाही हेच लागू: दोन पडदे उतरवले की ताण सुमारे वीस टक्के घटतो, त्यांनी ५०–१०५ चा विचार करावा.

पाच तारांच्या बेसला चार तारांचा सेट आणि एक सुटी तार असा जुगाड करण्यापेक्षा पाच तारांचा सेटच घ्या. त्यातली बी तार १२५ ते १३५ जाडीची असते आणि ३४ इंची बेसवर साधारण १३० ची चांगली चालते.

गुंडाळी आणि धातू

गुंडाळीची तार गोल असेल तर ती राउंडवाउंड. हात फिरवला की खरखर लागते, आवाज उजळ आणि स्पष्ट. गुंडाळी सपाट पट्टीची असेल तर फ्लॅटवाउंड: गुळगुळीत स्पर्श, गोलसर घुमणारा आवाज, बोट सरकण्याचा कर्कश आवाज जवळजवळ नाही. राउंडवाउंड घासून अर्धवट सपाट केलेल्या तारांना हाफराउंड म्हणतात. आणि वरून नायलॉनची पट्टी असेल तर टेपवाउंड. तिच्या आत पोलादी गाभा असल्यामुळे ती इलेक्ट्रिक बेसच्या पिकअपवरही चालते.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवतीचं वेटोळं. चुंबकाला प्रतिसाद देणारा धातू त्याच्यावर हलला तरच आवाज निघतो. म्हणून अकूस्टिक बेसच्या फॉस्फर ब्राँझ तारा स्वस्त मिळाल्या तरी इलेक्ट्रिक बेसला लावू नका. ब्राँझची गुंडाळी पिकअपला दिसतच नाही, फक्त आतला गाभा दिसतो आणि आवाज मरगळलेला येतो.

राउंडवाउंडमध्ये मुख्य दोन धातू: निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद आणि स्टेनलेस स्टील. स्टेनलेसचा आवाज जास्त झणझणीत असतो आणि ते गंजाला टिकतं, पण ते कठीण असल्यामुळे बेसचे मऊ फ्रेट लवकर झिजवतं. स्वस्त बेसचे फ्रेट बदलण्याचा खर्च कित्येकदा बेसच्या किमतीच्या जवळ जातो. त्यामुळे पहिल्या बेसवर निकेलचा मुलामा असलेली राउंडवाउंड हीच आमची शिफारस. बहुतेक कंपन्यांच्या बेसच्या तारांत हाच प्रकार सगळ्यात स्वस्तही असतो.

मग फ्लॅटवाउंड कोणी घ्यावी? किंमत राउंडवाउंडच्या दीडपट-दुप्पट, कधी त्याहून जास्त. पण तिच्या गुंडाळीत घाम आणि मळ साठायला फटी नसल्यामुळे ती वर्षानुवर्षं चालते. मोटाउन या अमेरिकन सोल संगीताच्या कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड लावायचे आणि तार तुटेपर्यंत बदलायचे नाहीत, हे सर्वश्रुत आहे. जुनी हिंदी-मराठी गाणी, जॅझ, सोल वाजवायचं असेल आणि खणखणीत आवाजाची ओढ नसेल, तर फ्लॅटवाउंडचा महाग सेट चार-पाच वर्षांच्या हिशेबात स्वस्त पडतो. फ्लॅटवाउंड फक्त जुन्या संगीतापुरती, असंही मानू नका. आयर्न मेडन या बँडचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस हेवी मेटल फ्लॅटवाउंडवरच वाजवतात. मात्र स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर आपटून वाजवणं, शिकायचं असेल तर राउंडवाउंडच.

पातळ थर दिलेल्या, म्हणजे कोटेड तारांचा भावही चढा असतो. ज्यांच्या हाताला फार घाम येतो आणि महिन्याभरात तार काळी पडते, त्यांना त्या परवडतात. इतरांनी पहिल्या वर्षी तरी त्या वाटेला जाऊ नये.

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

अगदी स्वस्त, कंपनीचं नाव नसलेल्या सेटमध्ये मुख्य दोष असमान गुंडाळीचा असतो. तारेचं वजन सगळीकडे सारखं नसलं की ती एका सुरात कंप पावत नाही. मोकळी तार बरोबर लागते, पाचव्या फ्रेटवर चढी, नवव्यावर उतरलेली. सॅडल कितीही सरकवलं तरी हे जमत नाही. कान तयार होत असतानाच्या काळात अशा तारेवर सराव करणं फार नुकसानीचं, म्हणून इथे काटकसर करू नका. डॅडारिओ, अर्नी बॉल, रोटोसाउंड, फेंडर यांचा साधा निकेल सेट घ्या, आणि काटकसर करायचीच तर कोटिंग, स्टेनलेस, नामांकित वादकांच्या नावाने विकले जाणारे सेट यांवर करा.

उलट बाजूने, नामांकित पाकीट इतर दुकानांपेक्षा निम्म्या भावात दिसलं तर थांबा. गिटारच्या तारांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. डॅडारिओच्या सीलबंद पिशवीवर नोंदणीसाठी एक कोड असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. शक्य असेल तर वाद्यांच्या जुन्या दुकानातून घ्या. मुंबईत धोबीतलावला १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहे, गोव्यातही त्यांची दुकानं आहेत. लहान शहरात दुकानदाराला नुसतं 'बेस स्ट्रिंग द्या' म्हणू नका. साध्या गिटारच्या जाड तारांनाही तेच म्हणतात आणि भलतंच पाकीट हातात पडतं. 'चार तारांच्या बेस गिटारचा सेट, लाँग स्केल, ४५–१०५, निकेल राउंडवाउंड' असं पूर्ण सांगा.

एकच तार तुटली तर सुटी तार मिळते का पाहा, मिळाली तर घ्या. नवी तार जुन्यांपेक्षा जास्त चमकदार वाजेल. दोन-तीन आठवड्यांत फरक बराच कमी होतो.

लावताना

जुनी तार खुंटी फिरवून पूर्ण सैल करा, मगच कापा. ताणलेली तार कापली तर तिचं टोक तोंडावर उसळतं. चारही तारा काढून फ्रेटबोर्ड पुसायला हरकत नाही, पण मान दिवसेंदिवस बिनताणाची ठेवू नका.

नवी तार ब्रिजमध्ये ओवून तिच्या खुंटीपर्यंत ओढा. खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटीमीटर तार सोडून तिथे काटकोनात घडी घाला, आणि घडीच्या पलीकडे कापा. घडी न घालता कापली तर काही तारांची गुंडाळी गाभ्यावरून सरकते आणि तार कायमची बोदी होते. कापलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात सरळ खाली घाला, खाचेतून वळवा आणि खुंटी फिरवा. प्रत्येक वेढा आधीच्या खाली यायला हवा, म्हणजे तार नटवर नीट दाबली जाते. दोन ते तीन वेढे पुरे. तार लावताना तिला पीळ पडू देऊ नका. पीळ पडलेली नवी तारही जुनी वाटते.

सुरात आणल्यावर नटच्या पुढे आणि सॅडलच्या पुढे बोटाने तार हलकेच दाबा, म्हणजे तिथे ती कमानीसारखी न राहता सरळ बसेल. मग बाराव्या फ्रेटजवळ हाताने थोडी वर ओढा, पुन्हा सुरात आणा. तीन-चार वेळा असं केलं की ती उतरायची थांबते.

जाडी बदलली असेल तर मान तपासा. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने जिथे मान अंगाला मिळते त्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते पाहा. साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी, ०.३ ते ०.४ मिलीमीटर, फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली तिला सरळ ठेवणारी धातूची दांडी, घट्ट करायचा, फटच नसेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सुरात आणायचं, पुन्हा मोजायचं. किल्ली अडली तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. रॉड तुटला तर स्वस्त बेसची दुरुस्ती परवडत नाही.

शेवटी सुरांची जुळणी. ट्यूनर लावून मोकळी तार बरोबर करा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. सूर चढा दाखवला तर सॅडल मागे, नटपासून दूर न्या. उतरलेला दाखवला तर पुढे आणा. स्क्रू फिरवण्याआधी तार थोडी सैल करा. ही जुळणी नेहमी नव्या तारांवर करावी. झिजलेल्या तारांवर केलेली फुकट जाते.

टिकवण्यासाठी

राउंडवाउंड तार मरते ती मुख्यतः गुंडाळीच्या फटींत साठणाऱ्या घामाने, त्वचेच्या मळाने आणि गंजाने. मळ वजन वाढवतो, तेही असमान, आणि वरचे स्वर विझतात. वाजवण्याआधी हात साबणाने धुवा, वडापाव खाऊन थेट बेस उचलू नका. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा. एवढ्याने सेटचं आयुष्य सहज वाढतं. खोबरेल किंवा मशीनचं तेल मुळीच लावू नका, त्याला धूळ चिकटते. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात बेस भिंतीला टांगून ठेवण्यापेक्षा पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुड्या ओलावा शोषून संपतात, त्या अधूनमधून बदला.

मेलेल्या राउंडवाउंड तारा पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळल्या तर मळ सुटून आवाज काही दिवस ते काही आठवडे परत येतो. तारा लगेच पूर्ण कोरड्या करणं अत्यावश्यक, नाहीतर आतून गंज चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये झाकण लावून रात्रभर बुडवून ठेवणं जास्त चांगलं, पण ते पटकन पेट घेतं, गॅस आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून लांब ठेवा. दोन्ही उपायांत तार काढून पुन्हा लावावी लागते, आणि खुंटीवरची घडी दर वेळी कमजोर होते. म्हणून हे एका सेटवर एक-दोनदाच करावं. फ्लॅटवाउंड आणि कोटेड तारांवर करू नये.

रोज अर्धा-पाऊण तास वाजवणाऱ्याला निकेलचा सेट साधारण तीन ते सहा महिने चांगला वाजतो. कॅलेंडरपेक्षा लक्षणं पाहा: बाराव्या फ्रेटवर सूर जुळेनासा झाला, तारेच्या खालच्या बाजूला फ्रेटच्या जागी सपाट खळगे दिसू लागले, किंवा गुंडाळीवर लाल-काळे डाग आले, तर बदला. नव्या बेसवर आलेल्या तारा स्वच्छ असतील आणि सुरात राहत असतील तर पहिल्या दिवशी बदलण्याची काही गरज नाही. दुकानात महिनोन्महिने टांगलेला बेस असेल तर मात्र त्या बहुधा मेलेल्याच असतात. किंमत ठरवतानाच दुकानदाराकडे नवा सेट मागा.

उतरवलेल्या तारांपैकी ज्या अखंड आहेत त्या टाकू नका. पुसून, गोल गुंडाळून, जुन्या पाकिटात घालून बेसच्या पिशवीत ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी एखादी तार तुटली आणि दुकान बंद असेल, तर त्या जुन्या तारेवर संध्याकाळ निभावून नेता येते.